धोंड्यापर्यंत नेलेला बर्फ

गावापासून कोसभर आत, धानाच्या बांध्या संपून मोहाचं नि साजाचं जंगल जिथं सुरू होतं, तिथं एक धोंडा होता. अजूनही असेल. भरलेल्या दोन बैलबंड्या एकीवर एक ठेवल्या तर जेवढी उंची होईल, तेवढा उंच. आजूबाजूचा सगळा खडक काळपट, पापुद्र्यांचा, पायाखाली कुरकुरणारा. आणि त्यावर हा एकटा, गुलाबीसर, अंगभर बारीक ठिपके असलेला. लांबून पाहिला तर वाटायचं, कुणी तरी आताच आणून टेकवलाय आणि पाणी प्यायला गेलाय.

मी त्या गावात प्राथमिक शाळेची मास्तरीण म्हणून गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील नव्हते. आई आणि थोरला भाऊ गोंदियाला. माझी नेमणूक झाली तेव्हा शाळेच्या हजेरीपुस्तकावर मध्य प्रदेशाचा शिक्का होता. पुढे तो जाऊन मुंबई राज्याचा आला. गावात त्यानं काही हललं नाही. मुलं धान कापायच्या दिवसांत शाळेत येत नसत, ती तेव्हाही आली नाहीत.

राहायला मी एका शेतकऱ्याच्या घरी होते. नवरा-बायको दोघंच. मुली लग्न होऊन गेलेल्या. घरमालकिणीला मी मावशी म्हणायची, तिच्या नवऱ्याला काका. मावशीनंच मला पहिल्यांदा धोंड्याकडे नेलं. चैत्राचे दिवस होते, आम्ही पहाटे मोहफुलं वेचायला गेलो होतो. टोपल्या भरेपर्यंत ऊन चढलं आणि मोहाचा तो गोड, जड वास डोक्यात शिरला. मावशी म्हणाली, "चाल, थोडं सावलीत बसू."

धोंड्याची एक बाजू तापलेली होती आणि दुसरी माठासारखी गार. मी गार बाजूला हात लावला. पाठ टेकायला गेले तर मावशीनं दंड धरला.

"हात लाव, पन पाठ नको टेकू. तो बसला आहे बिचारा. त्याच्यावर कायले भार द्यायचा?"

मग तिनं गोष्ट सांगितली. धोंडा फार पूर्वी वरच्या मुलखातून चालत आला होता. बहिणीच्या घरी निघाला होता. इथं आला तेव्हा वाटेत मुंग्यांची रांग आडवी गेली. मुंग्या चिरडू नयेत म्हणून तो बसला. रांग संपली की उठू म्हणाला. रांग काही संपली नाही.

मी खाली पाहिलं. मुंग्या होत्याच. तोंडात मोहाच्या फुलाचा तुकडा धरून चालल्या होत्या. मी हसले नाही. त्या वासात, त्या उन्हात मला ते खरंच वाटलं. तिथं बसलं की डोळे मिटायचे, आणि मिटले की धोंडा अगदी सावकाश श्वास घेतोय असं वाटायचं. पुढे मी कितीदा तरी रविवारी एकटी तिथं जाऊन बसले. घरची फार आठवण यायची त्या वर्षी.

त्या धोंड्याची पूजा एका गोंड घराण्याकडे होती. घराण्यातला म्हातारा मी शाळेच्या खिडकीतून रोज पाहायची. उंच, वाळलेला, खांद्यावर कुऱ्हाड. तो जंगलखात्यात वणवा विझवायच्या कामावर जायचा. घरी गोंडी बोलायचा, गावाशी गावासारखं. माझ्याशी त्याचा कधी शब्द झाला नव्हता.

दुसऱ्या वर्षी थंडीत बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर दोन तंबू पडले. नागपूरहून एक साहेब आले होते, दगडांचा अभ्यास करणारे. चष्मा, टोपी, पिशवीत हातोडी. ते शाळेत वाट विचारायला आले. शनिवारची अर्धी शाळा सुटली होती, मावशी जंगलाकडे निघालीच होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर धोंड्यापर्यंत गेले. म्हातारा तिथं आधीच उभा होता. कुणी तरी त्याला सांगितलं असणार.

साहेबांनी हातोडी काढली तसा तो पुढे झाला.

"ठोका नका देऊ, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हातोडी पिशवीत परत ठेवली. मला तो माणूस तिथंच आवडला. मग ते भिंग घेऊन गुडघ्यावर बसले आणि धोंड्याची खालची बाजू कितीतरी वेळ पाहत राहिले. तिथं तो सपाट होता, घासल्यासारखा, आणि त्या सपाटीवर एका दिशेनं गेलेले बारीक ओरखडे होते. इतक्यांदा येऊनही मला ते दिसले नव्हते.

"या जातीचा दगड जवळपास कुठं नाही," ते मला म्हणाले. "मी सगळीकडे फिरलो. हा लांबून आलाय. आणि एवढ्या वजनाचा दगड नदी काही उचलत नाही."

"मग?"

"बर्फ. माणूस जन्मायच्या कितीतरी आधी हा सगळा मुलूख बर्फाखाली होता. डोंगराएवढा बर्फ, अगदी हळू सरकणारा. त्यानं पोटात धरून आणला आणि वितळताना इथं सोडला. बहुधा."

ते 'बहुधा' मी त्या वेळी नीट ऐकलं नाही. पुष्कळ वर्षांनी, मी नोकरीतून मोकळी झाल्यावर, दुसऱ्या एका जाणकारांशी बोलणं निघालं तेव्हा त्यांनी मान हलवली. तिकडे बर्फाचा पुरावा कच्चा आहे, दगड तिथल्या तिथं झिजूनही तसा उरतो, असं म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. असेलही. पण त्या दुपारी साहेब बोलले आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. बोडी नाही, बांध्या नाहीत, मोह नाही, कोंबडा आरवत नाही, कुणाच्या चुलीचा धूर नाही. नुसती एक पांढरी, जड शांतता आणि तिच्या पोटात हा गुलाबी धोंडा, झोपलेल्या मुलासारखा, वर्षाला हातभर पुढे सरकणारा. त्यानंतर कित्येक दिवस दुपारी शाळेत मुलं पाढे म्हणत असली की मला तो बर्फ दिसायचा. काकांच्या म्हशी पाण्यातून निघून गावाकडे येत, तशा संथपणे तो बांध्यांवरून येत असायचा.

मुलांना मी हे सांगितलंच. फळ्यावर चित्रही काढलं.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर म्हातारा दारात उभा राहिला. कुऱ्हाड त्यानं बाहेर भिंतीला टेकवली होती. वाटलं, देवाबद्दल वेडंवाकडं बोलले म्हणून भांडायला आला.

"बाई, तुमी पोराइले सांगून राहिल्या का धोंडा बरफानं आनला."

"हो बाबा. त्या साहेबांनी सांगितलं तसं."

"बरफ म्हंजे गार ना? वरून पडते ते?"

"तीच. पाणी फार थंड झालं की घट्ट होतं. फक्त हा बर्फ डोंगराएवढा होता."

तो उंबऱ्यावर बसला.

"गार म्या पाह्यली आहे," तो म्हणाला. "बोराएवढी अस्ते. हातात घेतली का पानी. तिले हात नाई, पाय नाई. ते धोंड्याले धरन कशी?"

मी फळ्यावरचं चित्र दाखवलं. त्यानं ते पाहिलं, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं. मी पुस्तकातलं सांगून पाहिलं. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. "धरन कशी?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या शाळेतली मुलंसुद्धा इतक्या नेटानं कधी विचारत नसत.

तो गेला आणि मला जाणवलं की हे मलाही ठाऊक नाही. मी ऐकलं होतं आणि पुढे सांगितलं होतं.

आमचा भाऊ गोंदियाला बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी जाताना मी गावच्या नाल्यातले मूठभर गोटे वेचून रुमालात बांधून नेले. भाऊ म्हणाला, "पगली हो गई क्या?" गोंदियात आमच्या घरी असंच बोलणं चालायचं, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पण दुसऱ्या दिवशी तो मला कारखान्यात घेऊन गेला. लांबट लोखंडी डबे पाण्यानं भरून मिठाच्या थंडगार पाण्यात उभे केलेले होते. माझे गोटे त्यानं एका डब्यात टाकले. ते बुडाशी जाऊन बसले.

"तळाला राहतील," तो म्हणाला.

"राहू दे. तिथंच पाहिजेत."

बाजाराच्या दिवशी काका बंडी घेऊन मोटारीच्या थांब्यावर, कोहमाऱ्याला, येणार होते. तसं आधीच ठरलं होतं, आणि म्हातारा दुपारनंतर धोंड्यापाशी थांबणार होता. त्या दिवशी सकाळी भावानं लादी डब्यातून सोडवली. काचेसारखी, मध्ये पांढरी रेघ, आणि एका टोकाला माझे गोटे, हवेत थांबल्यासारखे. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. भावानं लादीचा गोट्यांकडचा अर्धा भाग तोडून दिला. धानाच्या गिरणीतलं तूस भरपूर आणलं होतं. गोणपाटाच्या दोन बोऱ्यांत, एकीच्या आत दुसरी, तुसात पुरून आम्ही तो बांधला.

मोटारीत मी बोरी पायाशी घेऊन बसले. ऊन चढलं तशी गाडी भट्टी झाली. अर्ध्या वाटेवर कंडक्टर येऊन उभा राहिला.

"बाई, बोरी से पानी चू रहा है. क्या है इसमें?"

"बर्फ."

"शादी है क्या?"

मी हो म्हटलं. खरं काय सांगणार होते?

कोहमाऱ्याला उतरले तेव्हा काकांची बंडी आली नव्हती. ढाब्यामागच्या चिंचेखाली मी बोरी ठेवली आणि वर माझी ओली केलेली चादर टाकली. सडकेवरून ट्रक जायचे आणि मागे लाल धूळ कितीतरी वेळ लोंबकळत राहायची. त्या धुळीकडे पाहता पाहता माझा डोळा लागला असावा. कुणी तरी कण्हल्याचा आवाज आला म्हणून मी जागी झाले.

माझ्या पलीकडे एक बाई बसली होती. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले. बाई गोंदियाच्या दवाखान्यात निघाली होती, मोटारीची वाट पाहत होती. मी मुलीच्या कपाळाला हात लावला आणि पटकन काढला.

"किती दिवस झाले?"

"तीन दिस. आज तं डोये बी उघडून नाई राहिली."

मी बोरीकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी थोडा वेळ थांबले. मनात हिशोब आला: इतका तर वाटेतच गेला, आता यातला दिला तर तिथपर्यंत काय राहील? म्हातारा धोंड्यापाशी येऊन बसला असेल. मग मला माझीच लाज वाटली. बोरी सोडली, तूस बाजूला केलं, आणि ढाब्यावरून बत्ता मागून आणून बर्फ फोडला. गोट्यांकडचं टोक तेवढं ठेवलं. बाकीचा बाईच्या पदरात आणि माझ्या रुमालात बांधून आम्ही दोघी आळीपाळीनं मुलीच्या कपाळावर, तळपायांवर फिरवत राहिलो. मोटार येईपर्यंत मुलीनं एकदा डोळे उघडले आणि रुमाल चाटला. बाईला उरलेला बर्फ तुसासकट एका बोरीत बांधून दिला. ती गेली. पुढे त्या मुलीचं काय झालं, ते मला कधीच कळलं नाही.

काका आले ते उशीर झाला म्हणून ओशाळलेले. बंडीचं चाक वाटेत खराब झालं होतं. आम्ही निघालो. बंडीत कडबा अंथरलेला होता, त्यात उरलेला तुकडा खोल पुरला. पुढचे तीन तास मला नीटसे आठवत नाहीत. बैलांच्या गळ्यातली घुंगरं, पळसाची पानं, कुठं तरी दूर तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांच्या हाका. झोप आणि जाग यांच्या मधलं काही तरी. मला वाटत होतं, आमची बंडी चालतच नाहीये, जंगलच आमच्या बाजूनं सरकतंय.

म्हातारा धोंड्याच्या सावलीत बसला होता. सकाळपासून, असं नंतर मावशी म्हणाली. मी कडब्यातून तुकडा काढला. दोन ओंजळींएवढा उरला होता.

"एवढाच राहिला, बाबा. वाटेत एका तापलेल्या पोरीला दिला."

"बरं केलं," तो म्हणाला.

मी तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं दचकून तो या हातातून त्या हातात घेतला.

"जळते."

"हो, भाजल्यासारखंच होतं."

मग त्याचं लक्ष आत गेलं. त्यानं बर्फ उन्हाकडे धरला. गोटे आत होते, काळा, तांबडा, दोन पांढरे, एकमेकांपासून वेगळे, कशालाही न टेकलेले. त्यानं तुकडा उलटा केला. गोटे हलले नाहीत. बोटानं दाबून पाहिलं. हलवलं. कानाशी नेऊन ऐकलंसुद्धा. त्याच्या कोपरावरून पाण्याची धार लागली होती, पण तो खाली ठेवायला तयार नव्हता.

"धरला आहे," तो हळू म्हणाला. मग काकांना म्हणाला, "पाह्य ना गा, धरला आहे."

शेवटी बोटं बधिर झाली तेव्हा त्यानं बर्फ धोंड्याच्या पायथ्याशी सपाट खडकावर ठेवला, उन्हात. आम्ही तिघं बाजूला बसलो. बर्फ घाम आल्यासारखा चमकत होता आणि त्याच्या खालून पाण्याची एक बारीक रेघ निघून खडकाच्या पापुद्र्यांत शिरत होती. पहिला गोटा सुटला तेव्हा टक असा आवाज झाला. म्हातारा पुढे वाकला. दुसरा, मग तिसरा. चौथ्याला फार वेळ लागला. उन्हं कलली होती, धोंड्याची सावली आमच्या पायांवर आली होती, आणि मला अगदी स्पष्ट वाटलं की हे सगळं मी आधी कधी तरी पाहिलंय, फार फार हळू.

चारही गोटे ओल्या खडकावर पडून राहिले. थोड्या वेळानं ओलही गेली. म्हाताऱ्यानं एक उचलला.

"हे गोटे कुठले, बाई?"

"आपल्याच नाल्यातले. मी गोंदियाला नेले आणि परत आणले."

तो आधी समजला नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मी त्याला त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं.

"म्हंजे आनले तुमीच. बरफाचं नुसतं नाव."

काका तर मोठ्यानं हसले. मलाही हसू आवरेना. हसू ओसरलं तसं म्हाताऱ्यानं विचारलं, "आन् तो डोंगराएवढा बरफ? तो कुठं गेला?"

"पाणी झाला. वाहून गेला."

"सगळाच?"

"सगळाच."

त्यानं मान हलवली. त्याला वाईट वाटलं असं मला दिसलं. कुणाच्या तरी मृत्यूची बातमी फार उशिरा कळावी, तसं.

पुढच्या पूस, म्हणजे पौष महिन्यात, धान घरी आल्यावर, धोंड्याची पूजा होती. आदल्या वर्षी मी गेले नव्हते. ती त्यांच्या लोकांची होती. या वर्षी म्हातारा स्वतः घरी येऊन सांगून गेला, मला आणि मावशीला. सकाळी आम्ही निघालो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की बांधावर पुढे चालणारी मावशीसुद्धा मधूनच नाहीशी व्हायची. सारसांची जोडी कुठं तरी ओरडली, पण दिसली नाही.

बायका एका बाजूला बसल्या होत्या. आम्ही त्यांच्यात बसलो. म्हाताऱ्यानं तांदूळ वाहिले, मोहाची दारू जमिनीवर सोडली आणि मग उभ्यानं गोष्ट सांगू लागला. गोंडी होती, मला कळत नव्हती. आवाज तेवढा ऐकत होते, लाकडावर हळू हळू रंधा फिरवावा तसा. आणि मध्येच एक शब्द आला. बरफ. थोड्या वेळानं पुन्हा, बरफ.

मी शेजारच्या बाईला विचारलं, "काय सांगतायत?"

ती ऐकत ऐकत सांगू लागली. "म्हनते का, धोंडा एकटा नाई आला. त्याले एकानं पाठीवर घेऊन आनला. लय मोठा होता तो, पांढरा. इथं आल्यावर तो थकला. धोंड्याले म्हनला, तू बस, मी पानी होऊन येतो. गेला तो." ती थांबली, पुढचं ऐकलं. "म्हनते, आपल्या बोडीत जे पानी आहे, ते त्याचंच आहे."

बोडीचं मी काही सांगितलं नव्हतं. साहेबांनीही नाही.

पूजा आटोपल्यावर पळसाच्या द्रोणात खिचडी वाढली गेली. म्हातारा आमच्याकडे आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"बरोबर सांगतलं ना, बाई?"

मी म्हटलं, "बरोबर सांगितलं, बाबा."

त्यानं मला आणखी खिचडी वाढायला लावली. मी नको म्हटलं तरी मावशीनं माझा द्रोण पुढे केला. परत येईपर्यंत धुकं उठलं होतं आणि कापलेल्या धानाच्या खुंटांमधून लाखोरी डाळीची निळी फुलं उघडली होती. मावशी वाकून भाजीसाठी कोवळे शेंडे खुडत चालली, आणि मी ओचा धरून तिच्या मागं.